चार दारांचं भांडण

मरगदम माफ करत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी ती विरघळेल, डोळे पुसेल आणि झालं गेलं विसरा म्हणेल, या आशेने कुणी वाचायला बसू नये. मी नाचिमुत्तू. तिरुप्पूरला एका बनियन कंपनीच्या गोदामात हमालांचा मुकादम आहे. तिला मी अठरा वर्षं ओळखतो, आणि या गोष्टीत माझंही तोंड थोडं काळं झालेलं आहे. ते ओघात सांगेन, लपवणार नाही.

तिचे वडील पळनियप्पन यांची साउंड सर्व्हिस. देवळाचे उत्सव, कान टोचणं, लग्नं, पक्षांच्या सभा, सगळीकडे त्यांचे कर्णे. जुलै-ऑगस्टातल्या आडी महिन्यात तर गल्लीगल्लीतल्या अम्मन देवीच्या देवळावर भोंगा चढतो, आणि समोरासमोरच्या दोन देवळांचे भोंगे एकदम सुरू झाले की कुणाचंच एक अक्षर कळत नाही. मरगदम दहा वर्षांची होती तेव्हा खांबावर चढून कर्ण्यांची तोंडं फिरवायची. "अप्पा, त्यांनी वाजवलं की आपण गप्प, आपण वाजवलं की त्यांनी गप्प! नाहीतर दोन्ही देवी बहिऱ्या होतील हो!" असं वरून ओरडायची, आणि खाली उभा पुजारी कानावर हात ठेवायचा. पुढे तिने पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न झालं, मुलगी झाली. घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर म्हणून आमच्या गोदामात लागली. पॅकिंगकडून आलेल्या खोक्यावर चिठ्ठी चिकटवायची, वहीत पेन्सिलीने रेघ मारायची आणि खोकं दारातून आत सोडायचं, एवढंच काम.

ही चिठ्ठी साधी नव्हे. तिच्या पोटात पातळ पत्र्याची नक्षी आणि तिळाएवढा दाणा असतो. दाराच्या खांबांवर पांढरे चौकोनी डबे लावलेले, ते रीडरचे. रीडरने हाक मारली की चिठ्ठी आपला नंबर सांगते आणि तो पडद्यावर उमटतो. कागदोपत्री याला आरएफआयडी म्हणतात. आमचे हमाल चिठ्ठीला पत्रिका म्हणायचे, कारण खोक्याचा जन्म, रंग, माप, सगळं तिच्यात लिहिलेलं. अशी चार दारं, एकाला एक खेटून.

ती बसवली ज्ञानशेखरने. चेन्नईचा माणूस, मालकांनी मोठ्या हौसेने आणलेला. आता आमच्या कोंगू मुलखाची खोड अशी की आम्ही कुत्र्यामांजराला सोडून सगळ्यांशी अहो-जाहोने बोलतो. आई पाच वर्षांच्या मुलीला "या कण्णू, जेवा" म्हणते. भांडणातसुद्धा "तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय का हो?" असंच तोंडातून निघतं, त्याला इलाज नाही. ज्ञानशेखर हे अहो-जाहो शिकला ते फक्त तिरुमूर्ती मालकांपुरतं. त्यांच्यासमोर एका वाक्यात तीनदा अहो, आणि आम्हाला ए.

दारं बसल्यापासून पडद्यावर खोकी कमी दिसू लागली. मरगदमची वही म्हणायची चारशे, पडदा म्हणायचा तीनशे त्र्याण्णव. दुसऱ्या दिवशी पाच कमी, तिसऱ्या दिवशी नऊ. गोदामात माल छताला टेकलेला, हाताने मोजणी होते ती वर्षातून एकदा मार्चअखेर, तेव्हा खोकी आत आहेत की नाहीत हे कोण बघणार? मालकांनी ज्ञानशेखरला विचारलं. तो म्हणाला, "यंत्र खोटं बोलत नाही हो मालक. खोटं माणूस बोलतं."

जुलैत एका संध्याकाळी पाळी सुटताना फाटकावर दोनशे बाया उभ्या असताना त्याने मरगदमला थांबवलं.

"ए, डबा उघड. मुकादम, हिची पिशवी उलटी कर."

आणि मी केली. सांगितलं ना, काळं तोंड. पिशवीतून कंगवा पडला, मुलीच्या तापाच्या औषधाची बाटली पडली. डबा उघडून त्याने उताणा केला, उरलेला डाळभात मातीत. डब्याच्या बुडाला दोन फाटक्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. वाया गेलेल्या, कचऱ्यात जायच्या. त्यावर तिने पेनाने आपलं नाव लिहिलेलं, डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून. ज्ञानशेखरने डबा उंच धरून सगळ्यांना दाखवला. "हे बघा! चिठ्ठ्या जातात कुठे, कळलं?"

"त्यावर माझं नाव लिहिलंय हो," ती म्हणाली. "चोर कधी नाव लिहून चोरतो का?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने निकाल लागला. डब्यात खोकं मावत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण दोनशे तोंडांतून एक शब्द निघाला नाही, माझ्याही नाही. तिने खाली बसून भात हाताने गोळा केला, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. मग उठली आणि गेली. त्या दिवसापासून ती मला चहा देते, पान देते, घरात घेते, पण स्वतःची पिशवी माझ्या हातात देत नाही.

नोकरी तर गेलीच. तिरुप्पूरमध्ये कारखान्यांना तोटा नाही, पण बातमी तिच्या आधी पोचायची. तीन ठिकाणी तिला फाटकावरूनच परत पाठवलं. शाळेत मुलीला कुणीतरी चोरटीची पोर म्हटलं. पोरीने त्याची पाटी फोडली, तर मास्तरांनी हिलाच उभं केलं. मरगदम वडिलांच्या धंद्यात परतली, कर्णे बांधायला, वायरी ओढायला. रडताना मी तिला पाहिली नाही. एकदाच म्हणाली, "अण्णा, मला नोकरी परत नकोय. ज्या तोंडाने चोर म्हटलं ना, ते तोंड मला पडलेलं बघायचंय."

ऑक्टोबरात आयुधपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक यंत्राला चंदन-कुंकू लागतं आणि दारादाराला केळीचे खांब बांधतात. मालकांना त्या वर्षी नात झाली होती, म्हणून त्यांनी फळाच्या घडासकट जाडजूड केळी मागवल्या. चारही दारांच्या प्रत्येक खांबामागे दोन-दोन बुंधे बांधले. पूजा झाली, सुट्टी संपली, काम सुरू झालं. चौथ्या दिवशी मी चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद घेऊन मरगदमच्या घरी गेलो आणि बसल्या बसल्या थट्टेवारी म्हणून सांगितलं, "ऐका अम्मणी, तुमच्या ज्ञानशेखराचं नवीन शास्त्र! पूजेनंतर तीन दिवस एक खोकं कमी नाही. तो मालकांना म्हणतो, चोर देवीला घाबरले. आज सकाळी पानं वाळली म्हणून केळी तोडल्या, तर दुपारपर्यंत सहा खोकी गायब. चोरांची भीती केळीबरोबर उकिरड्यावर गेली म्हणायची."

तिचा चुरमुऱ्यांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

"केळी कुठे बांधल्या होत्या, अण्णा?"

"खांबांना. आणखी कुठे बांधतात?"

"आतल्या बाजूला की दोन दारांच्या मधे?"

"मधे. आत बांधल्या तर गाडा कसा जाईल?"

"बुंधे ओले होते?"

"पिळले असते तर बादली भरली असती."

ती हसायला लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिचे वडील बाहेर कर्णा पुसत होते, ते आत डोकावले. "अप्पा," ती म्हणाली, "दोन देवळं समोरासमोर! दारं एकमेकांवर ओरडतायत हो. मधे पाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा तीन दिवस गप्प बसली."

मग तिने मला समजावलं, आणि मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. रीडर मोठ्याने हाक मारतो. चिठ्ठीजवळ स्वतःची ताकद नसते, ती त्याच हाकेच्या जोरावर अगदी कुजबुजत उत्तर देते. शेजारचा रीडर त्याच क्षणी त्याच पट्टीत ओरडत असेल तर ती कुजबुज बुडून जाते. खोकं आत जातं, पडद्यावर नाही. आणि ओल्या बुंध्याने ती ओरड बरीचशी शोषून घेतली होती.

"मग उद्याच मालकांना सांगू या," मी म्हणालो.

"काय सांगणार? चोरटी म्हणते केळी बांधा?" तिने चुरमुरे झटकले. "मला आकडा पाहिजे, अण्णा. घडायच्या आधी सांगता येईल असा आकडा."

पुढचा दीड महिना तिने मला नाचवलं. दोन दारांमधलं अंतर मोजून आणा. मी पावलांनी मोजून सात सांगितलं, तिचं गणित चुकलं, तेव्हा कळलं की माझं पाऊल चपलेसकट फुटाहून मोठं. "तुमचे पाय घेऊन मी गणित करू का हो? टेप न्या!" टेप नेली. कुठलं दार कधी सुरू, कधी बंद, हे विडीच्या पाकिटावर लिहून आणायचो. जुन्या पॉलिटेक्निकच्या बाईंनी तिला प्रयोगशाळेतला संगणक वापरू दिला. तिथे तिने आमचं गोदाम उभं केलं: चार ठिपके म्हणजे चार दारं, प्रत्येकाची ओरड दुसऱ्यापर्यंत किती पोचते, तिथे चिठ्ठीची कुजबुज किती उरते, आणि मग शंभरातली किती खोकी मुकी जातील. पहिल्यांदा उत्तर साफ चुकलं. तिच्या हिशेबाने पहिलं दार चांगलं चालायला हवं होतं, आणि तेच रोज मार खात होतं. दोन दिवस ती चिडचिडली. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पहिल्या दाराशेजारी काय आहे, अण्णा?" मी म्हटलं, पत्र्याचं मोठं शटर. "मग सांगत का नाही! देवळाच्या भिंतीवरून भोंगा परत येत नाही का?" पत्र्यावरून परतणारी ओरड धरली, आणि आकडे जुळायला लागले.

"आता हे सांगा, अण्णा, पूजेव्यतिरिक्त कधी बरोबर येतं?"

मी आठवून म्हटलं, "मालक बघायला येतात तेव्हा. दर वेळी बरोबर."

"तेव्हा किती दारं चालू असतात?"

"एकच. ज्ञानशेखर बाकीची तीन बंद ठेवायला लावतो. धूळ उडते म्हणतो."

हे बोलून गेलो आणि माझं मलाच कळलं. त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. दारं लांब लांब बसवायला हवी होती, निदान आळीपाळीने चालवायला हवी होती. आपली चूक कबूल करण्यापेक्षा त्याला एका बाईचा डबा उताणा करणं सोपं वाटलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मरगदमचा चेहरा मात्र एकदम शांत झाला, आणि मला तिची भीती वाटली.

"चला आत्ता," मी म्हणालो. "मालक घरीच आहेत."

"नको. अजून चढू द्या त्यांना. पहिल्या पायरीवरून ढकलून काय मजा?"

आणि ती थांबली. डिसेंबरात नाव धुऊन निघालं असतं, पण तिने शाळेतला त्रास, शेजारपाजारची कुजकी बोलणी, सगळं आणखी सहा आठवडे सोसलं. ज्ञानशेखर चढत होता. जानेवारीत पोंगल झाल्यावर इतर कंपन्यांचे चाळीस मालक आमच्या गोदामात यंत्रणा बघायला येणार, त्याचा सत्कार होणार, मग तो त्या सगळ्यांकडे हीच दारं बसवणार, असं ठरलं. मांडव, खुर्च्या, शाल, हार. आणि माईक अर्थातच पळनियप्पन साउंड सर्व्हिसचा. ते काम त्यांना मिळवून देण्यात माझा हात होता, हे आता सांगायला हरकत नाही.

त्या दिवशी सकाळी ती निळ्या साडीत माईकच्या पेटीमागे बसली. ज्ञानशेखरने पाहिलं, तोंड वाकडं केलं. "तू इथे? काय, कोलमची रांगोळी काढायला आलीस?"

"आवाज नीट करायला आलेय," ती म्हणाली.

शाल घालून झाली. प्रात्यक्षिकासाठी शंभर खोकी रांगेत. ज्ञानशेखरने सवयीने तीन दारं बंद करायला सांगितलं. तेवढ्यात कर्ण्यांतून मरगदमचा आवाज आला, सगळ्या मांडवभर. "मालक, चारही दारं चालवायला सांगा. दारं चार बसवलीत ना हो? पाहुण्यांना चारही बघू द्या."

"माईक काढून घ्या तिच्याकडून!" ज्ञानशेखर ओरडला. "चोर आहे ती!"

"चोर आहे म्हणूनच सांगते, किती खोकी चोरीला जातील ते," ती म्हणाली, आणि घडी घातलेला कागद सरळ तिरुमूर्ती मालकांच्या हातात दिला. "खोकी इथून हलायच्या आधी वाचा. चारही दारांतून एकदम पंचवीस-पंचवीस सोडा. रोज चारही एकदम चालत नाहीत, म्हणून कमी हरवतात. पहिल्या दारात तीन-चार हरवतील. दुसऱ्यात पाच-सहा. तिसऱ्यात चार-पाच. चौथ्यात फार तर दोन. सगळी तुमच्या डोळ्यांसमोर आत जातील, आणि पडद्यावर नसतील."

चाळीस मालक मांडवात, आमच्या मालकांना मागे फिरता येईना. "चालवा," ते म्हणाले. माझ्या हमालांनी चारही दारांतून एकदम गाडे ढकलले. मालकांनी कागद एका हातात धरला आणि पडद्याकडे पाहिलं. पहिलं दार एकवीस. दुसरं एकोणीस. तिसरं वीस. चौथं चोवीस. 

"आता पहिलं आणि तिसरं चालवा, दोघांची पट्टी वेगळी ठेवून. मग ती बंद, दुसरं आणि चौथं." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिने शिकवून ठेवल्याप्रमाणे मी पट्ट्या बदलल्या. खोकी पुन्हा फिरवली. पडद्यावर शंभर. पुन्हा शंभर.

कोईम्बतूरचे एक पाहुणे उठून म्हणाले, "अहो ज्ञानशेखर, सुरुवातीला तीन दारं बंद का करत होतात?"

ज्ञानशेखर "धूळ..." एवढंच म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं. मला ते हसू इतकं गोड लागलं की काय सांगू.

मालकांनी माईक घेतला.  "मरगदम चोर नाही. ज्यांनी ज्यांनी ते ऐकून घेतलं, ते आम्ही सगळे चुकलो. मी सगळ्यात जास्त." मार्चची मोजणी त्यांनी दुसऱ्याच दिवशी लावली, आणि ज्ञानशेखरला खोकं न् खोकं हाताने मोजायला बसवलं. अकरा दिवस तो धुळीत, शिडीवर, खोकी मोजत होता. त्यात बाहेर गेलेला माल मिळवला, तेव्हा बेरीज मरगदमच्या आणि तिच्यानंतर वही धरणाऱ्यांच्या पेन्सिलीच्या रेघांशी जुळली. बाराव्या दिवशी त्याला निरोप मिळाला. ते चाळीस मालक गावभर बोललेच होते. मरगदमने नोकरी घेतली नाही. आज ती सात कंपन्यांची दारं आखून देते.

एप्रिलच्या एका दुपारी ज्ञानशेखर तिच्या घरी आला. योगायोगाने मी तिथेच होतो. शर्टाला इस्त्री नव्हती. अंगणातच उभा राहिला. "अक्का, थोडं बोलायचं होतं हो," म्हणाला. शिकला होता शेवटी.

"आधी या, बसा. जेवायची वेळ आहे," ती म्हणाली. तिने केळीचं पान मांडलं, पाणी शिंपडलं, भात, सांबार, पोरियलची कोरडी भाजी, अप्पळमचे पापड, सगळं वाढलं. तो खाली मान घालून जेवला. तिने दुसऱ्यांदा भात वाढला. रसम वाढलं. तो नको म्हणाला, तरी वाढलं.

मग तो बोलला. गावात कुणी दारात उभं करत नाही, बायको माहेरी जायचं म्हणते, कोईम्बतूरला एक जागा आहे पण ते तुमचं मत विचारणार आहेत. "फक्त एक ओळ लिहून द्या, अक्का. चूक झाली, पण माणूस लबाड नाही. एवढंच."

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझंही मन डळमळलं. पानावर वाकलेला माणूस बघवत नाही. मी म्हटलं, "अम्मणी, एक ओळच तर आहे."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूक झाली असती तर लिहून दिलं असतं हो," ती त्याला म्हणाली. "चूक करणाऱ्याला चूक कुठे होतेय ते माहीत नसतं. तुम्ही मालक आले की तीन दारं बंद करत होतात. कुठली बंद करायची ते तुम्हाला माहीत होतं. आणि तरी माझा भात मातीत ओतलात."

 पानावरच्या भातात त्याची बोटं तशीच राहिली. ती आत गेली, ताकाचा लोटा घेऊन आली, त्याच्यासमोर बसली आणि अगदी अगत्याने त्याचा पेला काठोकाठ भरला.

"ताक घ्या," ती म्हणाली. "उन्हाचं फार लांब जायचंय तुम्हाला."